शेपटीचा महिमा

मनुष्याने आपल्या भाषेत शेपटीची फार थट्टा केली आहे. संकट पाहून मागे फिरणाऱ्याने ‘शेपूट घातले’ असे आपण म्हणतो. एखादे काम संपता संपेना झाले, म्हणजे ते ‘मारुतीचे शेपूट’ ठरते. मोठा भाग उरकून थोडक्यासाठी काम अडले, तर ‘हत्ती गेला आणि शेपूट राहिले’ अशी त्याची वर्णना होते. खोड न सोडणाऱ्या माणसाला तर कुत्र्याच्या शेपटाचीच उपमा मिळते. कारण ते नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच! मस्तकाला मान मिळतो, हातांचे कौतुक होते, पायांना वंदन घडते. शेपटीच्या वाट्याला मात्र केवळ हसू येते.

ज्याला स्वतःला शेपूट नाही, त्याने शेपटीची किंमत कमी लेखावी यात नवल नाही. परंतु गोठ्यातील गाय, झाडावरील खार, पाण्यातील मासा यांना बोलता आले असते, तर त्यांनी या म्हणी एकमताने रद्द केल्या असत्या. त्यांच्या दृष्टीने शेपूट हे शोभेचे लटकण नव्हे. तो एक अवयव आहे, आणि प्रत्येकाच्या राहणीप्रमाणे त्याचे काम निराळे आहे.

प्रथम शेपूट म्हणजे काय ते पाहू. पाठीचा कणा हा लहान लहान मणक्यांची माळ असतो. ही माळ कमरेपाशी न थांबता शरीराबाहेर वाढत गेली, म्हणजे तिला शेपूट म्हणतात. मांजराच्या शेपटीत असे सुमारे वीस मणके असतात. त्यांच्याभोवती स्नायू असतात, रक्तवाहिन्या असतात आणि संवेदना पोहोचवणारे मज्जातंतूही असतात. म्हणूनच मांजराला शेपटी हवी तशी वळवता येते, आणि तिच्यावर चुकून पाय पडला तर ते कळवळून ओरडते. या व्याख्येप्रमाणे मोराचा सुंदर पिसारा ही त्याची शेपटी ठरत नाही! पिसाऱ्याची लांब पिसे पाठीच्या खालच्या भागावर उगवतात. खरी शेपटी त्यांच्यामागे असते. ती आखूड, तपकिरी आणि ताठ पिसांची असून पिसारा उभारला असता त्याला मागून आधार देते. नाचाची वाहवा पिसाऱ्याला मिळते आणि भार मात्र बिचारी शेपटी सोसते.

आता गोठ्यात डोकावू. उन्हाळ्याच्या दुपारी गाय रवंथ करीत उभी असते आणि तिच्या अंगावर माश्या बसतात. खांद्याजवळ माशी बसली, तर गाय त्या जागेची कातडी थरथरवून तिला उडवते. परंतु मागच्या अंगावर बसलेल्या माशीचे काय करावे? तेथे तोंड पोहोचत नाही आणि शिंगही पोहोचत नाही. तेथे पोहोचते ती शेपटी. दांडा लांब आणि टोकाला केसांचा गोंडा, अशी तिची रचना असते. ही चवरी गाय दिवसभर हलवत असते. गुरांना चावणाऱ्या माश्या त्यांचे रक्त शोषतात, जखमांवर घाण पसरवतात आणि काही रोगही फैलावतात. तेव्हा गाईची शेपटी ही तिची एकप्रकारे आरोग्यरक्षकच आहे.

झाडावर राहणाऱ्या प्राण्यांची गरज याहून वेगळी असते. सह्याद्रीच्या दाट रानात, विशेषतः भीमाशंकरच्या परिसरात, शेकरू नावाची मोठी खार आढळते. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. त्याची झुपकेदार शेपटी धडापेक्षाही लांब असते. उंच फांदीवर बसून शेकरू फळ खाते, तेव्हा डोके एका बाजूला आणि शेपटी दुसऱ्या बाजूला लोंबत असते. जणू तराजूची दोन पारडीच! एका झाडावरून दुसऱ्या झाडावर त्याने झेप घेतली, की हीच शेपटी हवेत तोल सावरते. तारेवर चालणारा डोंबारी हातात लांब काठी धरतो. शेकरूची काठी त्याच्या शरीरालाच जोडलेली असते.

वानराची शेपटीही त्याच्या धडाहून लांब असते, आणि तिचाही मुख्य उपयोग तोल राखण्यासाठी होतो. काही चित्रांत आपल्याकडचे वानर शेपटीने फांदीला लटकलेले दाखवतात; पण ते चूक आहे. आपल्या वानराला शेपटीने फांदी पकडून लोंबकळता येत नाही. ही कला दक्षिण आणि मध्य अमेरिकेतील काही माकडांना साधली आहे. तेथील कोळी-माकडाच्या शेपटीच्या टोकाला आतल्या बाजूने केस नसतात. तेथील कातडी आपल्या बोटांच्या पेरांसारखी रेषांची आणि संवेदनशील असते. त्याला जणू पाचवा हातच मिळाला आहे.

ऑस्ट्रेलियातील कांगारूला शेपटीच्या रूपाने हात नव्हे, तर पाय मिळाला आहे. तो वेगाने उड्या मारीत जातो, तेव्हा त्याची जाडजूड शेपटी तोल सांभाळते. पण चरताना तो सावकाश चालतो. त्या वेळी तो पुढचे पाय आणि शेपटी जमिनीवर टेकून मागचे दोन्ही पाय एकदम पुढे घेतो. ही शेपटी केवळ टेकू नव्हे. या चालीत तो पुढचे व मागचे सर्व पाय मिळून जेवढा रेटा देतात तेवढाच रेटा एकटी शेपटी देते, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

पाण्यात तर शेपटीचेच राज्य असते. माशाची शेपटी उभी असते आणि ती डावी-उजवीकडे हलते. कोकणच्या किनाऱ्याजवळ दिसणाऱ्या डॉल्फिनची शेपटी मात्र आडवी असून वर-खाली हलते. हा भेद सहज घडलेला नाही. डॉल्फिन हा मासा नसून सस्तन प्राणी आहे, आणि त्याचे प्राचीन पूर्वज जमिनीवर राहत होते. जमिनीवरील सस्तन प्राणी धावू लागला, की त्याचा कणा वर-खाली वाकतो. पूर्वजांनी घर बदलले, पाय गमावले. पण कण्याची ती जुनी सवय डॉल्फिनच्या शेपटीत आजही टिकून आहे. शेपटी नीट पाहणाऱ्याला प्राण्याच्या कुळाचा इतिहासही कधी कधी असा वाचता येतो.

ज्या शेपटीची सर्वांना किळस येते, तीही निरुपयोगी नाही. घरातील उंदराची शेपटी लांब, खवल्यांची आणि जवळजवळ केसहीन असते. उंदराला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. मग अंगातील उष्णता बाहेर कशी पडावी? हे काम त्याची शेपटी करते. उकाडा वाढला, की शेपटीतील रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून अधिक रक्त वाहते आणि त्याची उष्णता उघड्या कातडीवाटे हवेत निघून जाते. थंडीत त्याच रक्तवाहिन्या आकसतात आणि ऊब अंगातच राहते. याशिवाय दोरीवरून किंवा भिंतीच्या कडेवरून पळताना ही शेपटी उंदराचा तोल सांभाळते, ते वेगळेच.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “शेपटी इतकी मोलाची असेल, तर ज्यांना ती नावापुरतीच आहे त्यांचे काय?” या प्रश्नाचे उत्तर उंदराच्याच एका दूरच्या भाऊबंदाकडून मिळते. त्याचे नाव हॅम्स्टर. आता आपल्याकडील शहरांतही काही घरी तो पिंजऱ्यात पाळलेला दिसतो. त्याच्या अनेक जाती आहेत. त्यांपैकी सोनेरी हॅम्स्टर विशेष प्रसिद्ध आहे. त्याचे मूळ स्थान म्हणजे सीरिया देशातील अलेप्पो शहराचा परिसर आणि त्याला लागून असलेला तुर्कस्तानचा प्रदेश. १८३९ साली जॉर्ज वॉटरहाउस या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने अलेप्पोहून आलेल्या एका नमुन्यावरून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९३० साली जेरूसलेम येथील प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल आहारोनी यांनी अलेप्पोजवळच्या एका शेतातील बीळ खणवून एक मादी आणि तिची पिले मिळवली. आज जगभर पाळले जाणारे बहुतेक सर्व सोनेरी हॅम्स्टर त्या एका बिळातील मोजक्या पिलांचे वंशज आहेत.

हा प्राणी जेमतेम वीतभर लांब असतो. पाठ सोनेरी तपकिरी, पोट पांढुरके, डोळे काळे व टपोरे, कान पातळ, पाय आखूड आणि शेपटी अवघी एक-दीड सेंटिमीटर! केसांत ती दिसतही नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावे, की हा उंदीरच असून कोणीतरी त्याची शेपटी कापून टाकली आहे. परंतु तसे मुळीच नाही. त्याची शेपटी तेवढीच असते, आणि त्याच्या संसाराला तेवढी पुरते.

त्याचा संसार तरी कसा आहे? हॅम्स्टर झाडावर उड्या मारीत नाही. तेव्हा त्याला तोल सावरणारी काठी नको. तो जमिनीत अर्ध्या मीटरहूनही खोल बीळ खणतो आणि आयुष्याचा फार मोठा भाग त्यात काढतो. अरुंद बोगद्यातून पुढे-मागे सरकणाऱ्याला लांब शेपटी ही सोयीपेक्षा अडचणच व्हावयाची. शिवाय त्याच्या देशातील हिवाळा थंड असतो, आणि उघड्या लांब शेपटीतून ऊब निघून जाते हे वर आलेच आहे. बिळात राहणाऱ्या व थंड प्रदेशातील पुष्कळ कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या शेपट्या आखूड असतात, त्या याच कारणांनी असे मानले जाते. मात्र निसर्गाचे नियम पाढ्यांसारखे काटेकोर नसतात. आपल्याकडील घूसही बिळे खणते. तरी तिची शेपटी चांगली लांब असते. एका गुणावरून सगळ्या प्राण्याची परीक्षा करू नये, हा धडा घुशीकडून घ्यावा.

शेपटीत जे मिळाले नाही, ते हॅम्स्टरला गालात मिळाले आहे. त्याच्या दोन्ही गालांच्या आत कातडीच्या पिशव्या असतात, आणि त्या थेट खांद्यांच्या मागे पोहोचतात. शेतात दाणे सापडले, की तो ते भराभर या पिशव्यांत कोंबतो. त्या वेळी त्याचे डोके धडाहून मोठे दिसू लागते. मग तो बिळात जाऊन पुढच्या पंजांनी गाल मागून पुढे दाबतो आणि सारा माल कोठारात ओततो. आपल्याकडील माकडाच्या गालांतही अशा पिशव्या असतात. देवळापुढे हिसकावलेले फुटाणे ते त्यांतच दडवते. परंतु साठा करण्यात हॅम्स्टरची बरोबरी नाही. जर्मन भाषेत ‘साठेबाजी करणे’ या अर्थाचे क्रियापद याच प्राण्याच्या नावावरून बनले आहे.

त्याची इतर लक्षणेही त्याच्या राहणीला साजेशी आहेत. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावे लागते. त्याची दृष्टी अधू असते, पण नाक तीक्ष्ण असते. त्याच्या दोन्ही कुशींवर गंधग्रंथी असतात; त्यांचा वास ठिकठिकाणी लावून तो ‘ही जागा माझी’ असे इतरांना बजावतो. तो एकलकोंडा आहे. दोन वाढलेले हॅम्स्टर सोबत म्हणून एका पिंजऱ्यात ठेवले, तर त्यांची मैत्री होत नाही. लढाई होते आणि तीत एखाद्याचा जीवही जातो. ज्याचे शरीर आणि स्वभाव जाणून न घेता आपण त्याला घरी आणतो, त्याला आपल्या प्रेमाचाही जाच होतो.

शेपटीचे आणखी एक काम राहिले. ती बोलते. दाराशी धनी दिसताच कुत्रा शेपटी जोराने हलवतो. सावध झाला की ती ताठ उभारतो. भ्याला की ती मागच्या पायांत दडपतो. ‘शेपूट घालणे’ हा वाक्प्रचार यावरूनच आला आहे. म्हणजे ज्या भाषेत आपण शेपटीची थट्टा केली, त्या भाषेला हे शब्द शेपटीनेच पुरवले! काही लोक केवळ रूपासाठी कुत्र्याच्या पिलांच्या शेपट्या कापवून घेतात. अशा कुत्र्याची अर्धी भाषा हिरावली जाते. त्याच्या मनात राग आहे की आनंद, हे दुसऱ्या कुत्र्यांना चटकन कळत नाही. म्हणूनच काही देशांनी कायद्याने ही प्रथा बंद केली आहे.

“कापली तर पुन्हा येईल,” असे कोणी म्हणेल. हा समज पालीमुळे पसरला आहे. मांजराने झडप घातली, की भिंतीवरची पाल आपली शेपटी आपणच तोडून टाकते. तिच्या शेपटीच्या मणक्यांत तुटण्याच्या जागा आधीच ठरलेल्या असतात आणि तुटल्याबरोबर तेथील स्नायू आवळून रक्तस्राव थांबवतात. तुटलेला तुकडा जमिनीवर वळवळत राहतो. मांजर त्याच्याकडे पाहत बसते आणि पाल निसटते. पुढे काही आठवड्यांनी नवी शेपटी उगवते. तथापि ती पहिल्यासारखी नसते. तिच्यात मणक्यांऐवजी कूर्चेचा एक दांडा असतो आणि बहुधा ती आखूड व निराळ्या रंगाची असते. शेपटीत साठवलेली चरबीही पालीला गमवावी लागते. जीव वाचवण्यासाठी दिलेली ती मोठी किंमत असते. खेळ म्हणून पालीची शेपटी तोडणाऱ्या मुलाने हे ध्यानात ठेवावे.

सस्तन प्राण्यांना तर एवढीही सवलत नाही. जर्बिल नावाचा वाळवंटी उंदीर काही लोक पाळतात. त्याला शेपटीने धरून उचलले, तर शेपटीची कातडी सोलून हातात येते. उघडा पडलेला भाग वाळून गळतो आणि पुन्हा कधीही उगवत नाही. गाय, बैल, कुत्रा, मांजर यांचेही असेच आहे. त्यांची शेपटी एकदा गेली, की कायमची गेली.

ही गोष्ट आपल्या गावच्या रस्त्यावर विशेष आठवावी. ओझ्याने लादलेली गाडी चढणीवर थांबते आणि बैल पाय रोवून उभे राहतात. तेव्हा गाडीवान पुढे वाकून बैलाची शेपटी हातात धरतो आणि पिरगाळतो. बैल धडपडून पुढे जातो. पाहणाऱ्याला वाटते, युक्ती लागू पडली. परंतु बैल चालला तो युक्तीने नव्हे, वेदनेने. त्या शेपटीत मणके आहेत, मज्जातंतू आहेत. पुन्हा पुन्हा पिरगाळल्याने मणक्यांचे सांधे निखळतात, कधी मणकाच मोडतो. मोडलेली शेपटी वाकडी जुळते आणि मग ती पूर्वीसारखी फिरत नाही. त्या दिवसापासून मागच्या अंगावर बसलेली माशी त्या बैलाला उडवता येत नाही. ती त्याला जन्मभर चावत राहते, आणि तो मुका जीव कोणाजवळ गाऱ्हाणे करू शकत नाही. जनावरांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९६० साली झाला. पण निर्जन रस्त्यावर कायदा पाहत नसतो. तेथे पाहावयाचे असते ते माणसाच्या मनाने.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलांचे खांदे तेल-हळद लावून मळतो. दुसऱ्या दिवशी तो त्यांची शिंगे रंगवतो, अंगावर झूल घालतो आणि त्यांना पुरणपोळीचा घास देतो. ज्या जनावराच्या कष्टावर घर चालते, त्याचा हा गौरव योग्यच आहे. परंतु वर्षाचा एक दिवस खांदे मळून उरलेले दिवस शेपटी पिरगाळली, तर त्या गौरवाला काय अर्थ राहिला? गाडीतले ओझे थोडे कमी करावे, चढणीवर स्वतः खाली उतरावे, घटकाभर बैलांना दम खाऊ द्यावा. यांतील कोणत्याही उपायाला पैसा लागत नाही.

शेवटी, शेपटीला हसणाऱ्या माणसाने आपल्या पाठीच्या कण्यावरून हळूच हात फिरवून पाहावा. कण्याच्या अगदी खालच्या टोकाला त्याला एक लहानसे हाड लागेल. तीन ते पाच लहान मणके मिळून ते बनलेले असते. आईच्या पोटात असताना पहिल्या काही आठवड्यांत प्रत्येक मनुष्याला इवलीशी शेपटी असते. जन्मापूर्वीच ती नाहीशी होते आणि हे हाड मागे राहते. तेही निरुपयोगी नाही. बसताना शरीराचा काही भार ते घेते आणि कमरेखालचे काही स्नायू त्याला जोडलेले असतात. आपल्या भाषेने त्याला फार समर्पक नाव दिले आहे. त्याला म्हणतात ‘माकडहाड’!

शेकरूची लांब शेपटी, हॅम्स्टरची बोटभरही नसलेली शेपटी आणि माणसाचे माकडहाड ही तिन्ही ज्याच्या त्याच्या ठिकाणी योग्यच आहेत. त्यांत कोणी उणा नाही आणि कोणी हास्यास्पद नाही. ज्याला हे पटले, तो बैलाच्या शेपटीला हात लावण्यापूर्वी क्षणभर थांबेल.